बाजूला ठेवलेला सिनेमा

माझ्या हाताखालून गेलेल्या माणसांचे चेहरे मी कधी पाहिलेले नाहीत. मला फक्त त्यांची तोंडं माहीत, तीही प्लास्टरची. डॉक्टर माप घेतात, त्याचा साचा माझ्या टेबलावर येतो. मी मेणात एकेक दात बसवते, वरची ओळ खालच्या ओळीवर नीट टेकते का बघते, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी येते, ती घासूनपुसून मी डबीत घालते, आणि डबी जाते. पुढे ती कवळी कोणाच्या तरी तोंडात बसून हसते, बोलते, भांडते. माझ्यासमोर कोणी हसायला येत नाही. लॅबमध्ये मी आणि घासायचं मशीन, आणि मशीन चालू असलं की रेडिओसुद्धा ऐकू येत नाही. घरी मशीन नाही, एवढाच काय तो फरक.

त्यामुळे मी रविवारची वाट बघते. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

रविवारी दुपारी आम्ही पाच जण चष्मेवाल्यांच्या दुकानावरच्या खोलीत गाण्यांचे सिनेमे बघतो. गाण्यांचे म्हणजे नुसती गाणी असलेले नाहीत. ज्यांत माणसं बोलता बोलता गायला लागतात, आणि गाता गाता भांडतात, लग्न ठरवतात, नोकरीवर लाथ मारतात, असे. खोलीत एका भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता आहे, त्याच्यावरून पांढरी चादर ताणली की झाला पडदा. पंखा जोरात असला की चादर हलते आणि नायिकेच्या कपाळावर सगळ्यात वरचं मोठं अक्षर उमटतं. आम्हाला त्याची सवय झाली आहे.

चष्मेवाले म्हणजे आमचे यजमान. बोलणं मोजकं, शिस्त फार, आणि कोणाच्या डोळ्यात पाणी आलं तर ते आधी चष्म्याचा नंबर बदलला असेल असं समजणार. दुसरी कोच, तलावावर पोहायला शिकवते. तिचा आवाज खोलीतसुद्धा पाण्यावरून आल्यासारखा येतो. उरलेले दोघे म्हणजे लाँड्रीवाला जावई आणि त्याची सासू. त्याच्या बायकोला हे असले सिनेमे सहन होत नाहीत; ती म्हणते, माणसं काय सारखी गातात. म्हणून जावई सासूला स्कूटरवर मागे बसवून आणतो. सासू-जावयाचं इतकं गूळपीठ मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. त्या सगळ्यांच्याच सासूबाई आहेत, चष्मेवाल्यांच्यासुद्धा, आणि ते बहुतेक त्यांच्याच वयाचे आहेत. मी दातवाल्या बाई.

आमच्या चर्चा ऐकल्या तर बाहेरच्याला वाटेल, हे लोक सिनेमा बघतात की आपापलं दुकान. नायक पांढऱ्या सुटात चिखलात लोळून प्रेम व्यक्त करतो, सगळे विरघळतात आणि जावई डोक्याला हात लावतो: हा सूट आता धुणार कोण? कोचचं भांडण दमाशी. एवढ्या उड्या मारल्यावर कोणी एका श्वासात एवढी लांब ओळ म्हणून दाखवावी, ती पदक देईल. सासूबाईंचं म्हणणं, गाणं चालू असताना कोणी मत देऊ नये, मतं गाणं संपल्यावरही तिथेच असतात. मला अर्थात दात दिसतात. बोलताना माणूस जेवढं तोंड उघडतो त्याच्या दुप्पट गाताना उघडतो. एका सिनेमात राजा कंठ फोडून गात होता आणि त्याची मागची दाढ चांदीची होती. मी बोलले आणि पुढचा पाऊण तास कोणाला राजा दिसलाच नाही, सगळे दाढ शोधत होते. सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला, चहा येईपर्यंत.

चष्मेवाल्यांची कसोटी वेगळी. ते म्हणतात, गाणं सुरू व्हायच्या आधी माणूस जिथे होता तिथेच गाणं संपल्यावरही असेल तर ते गाणं फुकट. त्यावर आमचा एक अख्खा हिवाळा गेला आहे. कोच म्हणाली, माणूस कधीकधी तिथेच राहतो पण बघणारा पुढे जातो, त्याचं काय? चष्मेवाल्यांनी तिचा मुद्दा पुढच्या रविवारपर्यंत विचारात घेतला आणि मग फेटाळला.

सिनेमा कसा निवडायचा याचे आमचे कायदे आहेत. खुर्च्यांच्या क्रमाने पाळी येते. ज्याची पाळी त्याने सिनेमाचं नाव घ्यायचं नाही, त्यातल्या एका गाण्यात काय घडतं तेवढंच सांगायचं, बाकीच्यांनी हात वर करायचे. दोघांनी नकार दिला की पाळी गेली, वर चहाही त्यानेच करायचा. नावावरून निवडलं की माणसं नटनट्यांवर घसरतात, म्हणून ही युक्ती. नावं न घ्यायची सवय इतकी लागली की आता आम्ही सिनेमांना बेकरीचा, तुरुंगाचा, दोन शिंप्यांचा असंच म्हणतो.

आणि एक कायदा सगळ्यांत वरचा. पूर्वी आमच्यात पियानो जुळवणारे एक गृहस्थ होते. एका रविवारी अगदी साध्या, आनंदी सिनेमाच्या मध्यावर ते उठले, बूट हातात घेतले आणि अनवाणीच जिना उतरून गेले. परत आले नाहीत. त्या गाण्यात त्यांचं काय होतं ते कोणालाच कळलं नाही. त्यानंतर चष्मेवाल्यांनी ठरवलं: प्रत्येकाने एक सिनेमा बाजूला ठेवायचा. तो इथे कधीच लागणार नाही. आणि का, ते कोणी विचारायचं नाही. विचारायचं नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा चष्मा काढून.

मी फेरीबोटीचा बाजूला ठेवला.

आता तुम्ही विचारलंच आहे असं धरून सांगते, कारण त्या खोलीत कोणी विचारलं नाही. आमचे हे सिनेमावेडे, पण त्यांनी आयुष्यात एकाही सिनेमाचा शेवट बघितला नाही. शेवटचं गाणं सुरू होतंय अशी नुसती चाहूल लागली की ते उठायचे. स्टँडमधून स्कूटर काढायची, गर्दी व्हायच्या आत. तिकीट पूर्ण, सिनेमा पाऊण. सुरुवातीला मी भांडले, मग नाद सोडला. मी शेवट बघून गर्दीबरोबर बाहेर यायची, तर हे गेटसमोर, स्कूटरचं तोंड रस्त्याकडे, इंजिन चालू. मी मागे बसले की पहिला प्रश्न, “मग, शेवटी काय झालं?” मी त्यांच्या हेल्मेटला तोंड लावून ओरडून सांगायची. वाऱ्यात निम्मं उडून जायचं. “काय?” म्हणायचे. मी परत ओरडायची. दुसऱ्या दिवशी हाच शेवट ते ऑफिसात सांगायचे आणि त्यात त्यांना ऐकू न आलेले भाग स्वतःच्या पदरचे घालायचे. त्यांचे काही शेवट मूळ शेवटांपेक्षा बरे होते.

फेरीबोटीचा आम्ही बघितला तेव्हा त्यांना खोकला होता. बाहेर वारं होतं, एकट्याने स्कूटर काढत उभं राहू नये म्हणून त्या एकाच वेळी मीही त्यांच्याबरोबर उठले. शेवटचं गाणं सुरू होत होतं. पुढच्या आठवड्यात परत येऊ आणि या वेळी दोघंही शेवटपर्यंत बसू, असं ते जिन्यात म्हणाले. पुढच्या आठवड्यात आम्ही हॉस्पिटलात होतो. सिनेमा उतरला, आणि मग हेही गेले.

तो सिनेमा मिळत नाही अशातला भाग नाही. भाच्याने मला केव्हाच आणून दिला. मी एकदा लावलासुद्धा, घरी, एकटीने. आम्ही उठलो होतो तिथवर बघितला आणि बंद केला. शेवट बघायची भीती नव्हती. शेवट बघून झाल्यावर खोलीत जे होईल त्याची भीती होती. सांगणार कोणाला? इतकी वर्षं मी शेवट बघत होते ते सांगण्यासाठी, हे तेव्हा कळलं, आणि फार वाईट वाटलं.

म्हणून तो बाजूला ठेवला. पण खरं सांगायचं तर मनात असं होतं की एखादा रविवार येईल आणि यांच्यातलं कोणीतरी कायदा मोडून म्हणेल, बाई, का हो ठेवलात? मग मी सांगेन, आणि मग आपण सगळे मिळून बघू, आणि नंतर चहा पिताना त्याच्यावर भांडू. माझी एवढीच मागणी होती. पण ही माणसं कायद्याची एवढी पक्की की फेरीबोट सोडा, नदीचा विषय निघाला तरी कोच घाईघाईने खिडकी उघडायची. एकदा जावई सहज म्हणाला की त्याच्या लाँड्रीतलं पाणी आज नदीसारखं वाहिलं, तर चष्मेवाल्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा “नळासारखं” म्हणाला. मी समोरच बसले होते. आपण होऊन सांगायला काय धाड भरली होती, असं तुम्ही म्हणाल. मीही मला तेच म्हणत होते. पण न विचारता सांगितलं की ती तक्रार होते.

सासूबाई एकदा धाकट्या मुलीकडे गेल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. कोच म्हणाली, विचारायचं नाही हे ठरलंय, बघायचं नाही असं कुठे ठरलंय? त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांचा बाजूला ठेवलेला, बेकरीचा, लावला. कुतूहल, दुसरं काय. त्यांना त्रास नको आणि आपल्याला कळायला हवं, असा दुहेरी उदात्त हेतू. मीही बसले होते, बिस्किटं खात, प्रत्येक गाण्यात सासूबाईंचं दुःख शोधत. जावयाला वाटलं ते भट्टीच्या गाण्यात आहे, मला वाटलं लहान बहीण घर सोडते तिथे. काही कळलं नाही. त्या परत आल्यावर आम्ही सगळे त्यांच्याशी इतके गोड वागलो की त्यांनी जावयाला विचारलं, माझे रिपोर्ट आलेत का कसले?

तर असा आमचा रिवाज होता, आणि मला तो माहीत होता. त्यामुळे जे झालं त्याचं नवल वाटायला नको होतं.

त्या रविवारी मी येणार नाही असं कळवलं होतं. एका गृहस्थांचं निरोपाचं भाषण होतं सोमवारी, आणि त्यांची कवळी “स”ला शिट्टी मारत होती. डॉक्टरांनी ती तातडीने परत पाठवली. पुढचे दात केसभर आत घ्यायला हवे होते. काम मला वाटलं त्याहून लवकर झालं. अर्धा सिनेमा तर अर्धा, असं म्हणून मी निघाले. वाटेत बिस्किटांचा पुडा घेतला.

जिना चढताना वरून पाण्याचा आवाज आला. मग भोंगा, मग लगेच दुसरा भोंगा, जरा खालच्या सुरात. मी ओळखला. त्या सिनेमात दोन बोटी असतात. एक या काठाहून सुटते, एक त्या काठाहून. एकीवर ती तिकिटं फाडते, दुसरीवर तो सुकाणू धरतो, आणि नदीच्या मध्यावर दोन्ही बोटी एकमेकींच्या जवळून जातात तेवढ्यात दोघं गाणं म्हणतात. अर्धी ओळ तिची, अर्धी त्याची. बोटी लांब गेल्या की गाणं तुटतं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होतं. सगळा सिनेमाभर एकच गाणं चालतं म्हणा ना.

मी पायरीवर थांबले. आत जावई हसला. सासूबाईंनी त्याला गप्प केलं. कोच म्हणाली, तिकडे बघा, त्या बाकावर, बहुतेक हेच असणार. म्हणजे माझं दुःख शोधणं चालू होतं. मला राग आला का? आला. पण रागापेक्षा मला आत जाऊन माझ्या खुर्चीवर बसावंसं वाटत होतं, आणि मी दार ढकललं असतं तर चौघांनी उडी मारून सिनेमा बंद केला असता. माझ्या भल्यासाठी. हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं की हात दारापर्यंत गेलाच नाही.

शेवटचं गाणं जवळ येत होतं. ती चाहूल मला पाठ आहे. ते ऐकू यायच्या आत मी जिना उतरले. शेवट मला दारातून ऐकायचा नव्हता. घरी जाऊन मी बिस्किटांचा पुडा फोडला आणि ती सगळी खाल्ली, चहाशिवायच.

पुढच्या रविवारी सगळे माझ्याशी गोड वागले. कोचने मला उशी दिली. जावयाने माझी शाल लाँड्रीतून फुकट धुऊन आणायचं कबूल केलं, जी मुळात मळलेली नव्हती. चष्मेवाल्यांनी माझ्या चष्म्याचा स्क्रू आपण होऊन आवळून दिला. मला गंमत वाटत होती. कपबश्या मांडता मांडता कोच गुणगुणायला लागली, अर्धी ओळ म्हणाली आणि थांबली. अर्ध्यावरच थांबायचं असतं ते गाणं. चष्मेवाल्यांनी उठून घाईघाईने खिडकी उघडली.

पाळी माझी होती.

“दोन बोटी नदीच्या मध्यावर भेटतात,” मी म्हणाले, “आणि भेटतात तेवढाच वेळ दोघं गातात. त्या गाण्याचा सिनेमा लावू या.”

कोणी हात वर केला नाही. मग चष्मेवाले हळूच म्हणाले, “बाई, तो तुम्ही बाजूला ठेवलाय.”

“ठेवला होता. आता काढते. त्याचं असं आहे, आमचे हे...”

“नाही, नाही,” चष्मेवाल्यांनी हात वर केला, आणि बाकी तिघांनीही माना हलवल्या. सांगायची काही गरज नाही, असं ते म्हणाले. तुमचं तुमच्यापाशी. इथे कोणी तुम्हाला कारण विचारणार नाही, निश्चिंत असा. ते इतक्या मायेने म्हणाले की माझं वाक्य तोंडातच राहिलं. सासूबाईंनी माझा हात हातात घेतला. चौघांनीही हात वर केले, म्हणजे सासूबाईंनी दुसरा. ठराव पास झाला.

आणि मग त्या चार भल्या माणसांनी, आठवड्यापूर्वीच बघितलेला सिनेमा, आयुष्यात पहिल्यांदा बघतोय अशा थाटात बघायला सुरुवात केली. अभिनय म्हणाल तर नको बघायला. जावई प्रत्येक विनोदाच्या आधी हसत होता. कोचने “अरे बापरे, बोट सुटली वाटतं,” असं म्हटलं तेव्हा बोट अजून काठाला बांधलेली होती. सासूबाई एरवी गाण्यात कोणाला बोलू देत नाहीत, त्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारलं की हा मुलगा कोण गं? चष्मेवाले तेवढे नेहमीसारखे बसले होते, ताठ, पण मधूनमधून ते पडद्याऐवजी माझ्याकडे बघत होते. मला सगळं दिसत होतं आणि मी काही बोलत नव्हते. मला बरं वाटत होतं. कोणीतरी माझ्यासाठी इतकं वाईट सोंग करतंय, हे बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. माझ्या उजवीकडे सासूबाई होत्या, डावीकडे कोच. दोघींचे हात मला लागत होते. मी ठरवलं, शेवट झाला की आधी जावयाला विचारायचं, ते दोघं बोटींवरचे कपडे धुतात कुठे.

मग ती चाहूल आली. आधी नुसती एक सनई, लांबून, मग पाणी. आम्ही दोघं उठलो होतो ती जागा. मी पदर आवळून बसले.

चष्मेवाले उठले.

ते उठून उभे राहिले, त्यांनी जावयाकडे बघून मान हलवली, जावई उठला. सासूबाईंनी माझ्या हातावर थोपटलं आणि जावयाचा हात धरून त्याही उठल्या. कोचने माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हलका, आणि तीही गेली. मला रडायचं असेल तर मोकळेपणी रडता यावं, म्हणून. दार त्यांनी इतकं जपून लावलं की कडीचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

“बसा ना,” मी म्हणाले, पण ते बंद दाराला म्हणाले.

दोन्हीकडे रिकाम्या खुर्च्या, समोर चादर, आणि शेवटचं गाणं. हे गेल्यावर हॉस्पिटलातून मी घरी परत आले त्या दिवशीसुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. त्या दिवशी घर भरलेलं होतं. उठून बंद करावा असं वाटलं. पण हे जिन्यात म्हणाले होते की या वेळी शेवटपर्यंत बसू, म्हणून बसले. शेवट बघितला, अगदी नावं संपेपर्यंत. चांगला होता. हसू आलं, मग रडू आलं, आणि रडताना पुन्हा हसू आलं. मी वळून डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. मग पंखा बंद केला, चादर काढून घडी घातली, खाली आले.

चष्मेवाले दुकानात पाठमोरे, काहीतरी पुसत होते. उन्हं उतरत होती. कोच सासूबाईंना घेऊन चालत पुढे गेली होती, पाय मोकळे करायला. आणि गेटसमोर, स्कूटरचं तोंड रस्त्याकडे करून, इंजिन चालू ठेवून, जावई.

“मावशी, बसा. सोडतो तुम्हाला.”

मी त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिले. त्याला वाटलं मी पुढ्यात ठेवलेल्या कपड्यांच्या गाठोड्याकडे बघतेय. त्याने ते पायाने दाबून आत सरकवलं. मी बसले. कोपरा वळला आणि आता काहीतरी बोलायला हवं, सोंग पुढे न्यायला हवं, असं बहुतेक त्याला वाटलं. तो अर्धवट मागे वळला.

“मग मावशी, शेवटी काय झालं?”

त्याने बघितला होता हे मला ठाऊक होतं. तरी माझं तोंड आपसूक त्याच्या हेल्मेटपाशी गेलं.

“पूल बांधतात!” मी ओरडले. “नदीवर! त्यामुळे दोन्ही बोटी बंद होतात!”

“काय?”

“बोटी बंद होतात, म्हटलं! मग पुलाच्या या टोकाला ती येते आणि त्या टोकाला...”

सिग्नल लागला. स्कूटर थांबली, वारा थांबला, आणि जावई भान हरपून म्हणाला, “हां, आणि मग मधोमध भेटतात, आणि गायला लागतात, तर दोघंही दुसऱ्याच्याच ओळी म्हणतात! कारण रोज ऐकून ऐकून त्याच पाठ झालेल्या. मावशी, काय सुंदर...”

आणि आरशात दिसणारं त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. चांगले दात आहेत त्याचे. गाल लाल झाले.

“चुकलो, मावशी,” तो म्हणाला. “त्या रविवारी तुम्ही येणार नव्हता. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून तेव्हा...”

“माहीत आहे. मी जिन्यात होते.”

तो पूर्ण मागे वळला. “मग आत का नाही आलात?”

इतक्या वर्षांत त्या पाच खुर्च्यांपैकी कोणी मला का म्हणून विचारलेला हा पहिला प्रश्न. मागून हॉर्न वाजायला लागले. दिवा हिरवा झाला होता.

“ते सगळं सांगते,” मी म्हणाले. “आधी गाडी चालव. आणि मगाचं परत विचार.”

“काय विचारू?”

“शेवटी काय झालं, ते. तू बघितलेला नाहीस. बाहेर गाडी काढत होतास. तसं विचार.”

त्याला काही कळलं नसावं. पण जावई म्हणून वागायची सवय असलेला माणूस, सांगितलेलं ऐकतो. त्याने गिअर टाकला, वारा सुरू झाला, आणि मान जराशी मागे करून तो मोठ्याने म्हणाला, “मग मावशी, शेवटी काय झालं?”

मी पुढे वाकले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आमच्या ह्यांच्या खोकल्यापासून, स्टँडमधल्या स्कूटरपासून. तो मधूनमधून “काय?” म्हणत होता आणि मी परत ओरडून सांगत होते. माझी गल्ली आली तेव्हा नदीवरचा पूल अजून बांधून व्हायचा होता. त्याने स्कूटर आत वळवली नाही, सरळ पुढे घेतली.